आगुआंता म्हणजे टिकेल

रोहिदास औटीला आयुष्यातला पहिला जिवाभावाचा मित्र मिळाला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. आणि तोही कुठे, तर चिलीच्या उत्तरेकडच्या अशा एका पठारावर, जिथे हवा इतकी विरळ की भातसुद्धा धड शिजत नाही. मित्राचं नाव सेवेरो कोल्के. साठीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला माणूस. दोघांचं काम एकच होतं: रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्यांवर चढायचं, नट-बोल्ट आवळायचे, वाऱ्याने ढिलं झालेलं घट्ट करायचं.

रोहिदास हे काम शिकला होता जुन्नर तालुक्यात, खोडदच्या दुर्बिणीवर. तबकडीवर तो माकडासारखा चढायचा. जमिनीवर मात्र त्याचं फारसं काही जमलं नाही. गावातल्या त्याच्या बरोबरीच्या निम्म्या पोरांची लग्नं रखडली होती, कारण मुलींना शहरातला नवरा हवा होता. इतरांची उशिरा का होईना उरकली, याची राहिली ती राहिलीच. आई होती तोवर घरी गेल्यावर "जेवलास का" विचारणारं कुणीतरी होतं. ती गेली आणि घर नुसतं कुलूप लावण्यापुरतं उरलं. एकटा जीव सदाशिव, असं लोक त्याला हसून म्हणत. म्हणणाऱ्यांच्या घरी चार माणसं असत, त्यांचं काय जात होतं!

म्हणून परदेशातलं काम चालून आलं तेव्हा त्याने मागचापुढचा विचार केला नाही. स्पॅनिशचं कसं होणार, ही चिंताही केली नाही. कानात पोपट होता ना.

पोपट हे रोहिदासने ठेवलेलं नाव. कंपनी त्याला काहीतरी भारदस्त नावाने विकत असे. हरभऱ्याएवढं यंत्र, कानात बसलं की बसलं. जुनी भाषांतराची यंत्रं शब्दाला शब्द ठेवायची, त्यामुळे त्यांचं बोलणं सरकारी पत्रासारखं वाटायचं. हे यंत्र आधी आठवडाभर तुमचंच बोलणं ऐकायचं. तुमचा हेल, तुमच्या गावच्या म्हणी, तुम्ही कुठे हसता, कुठे थांबता, सगळं टिपून घ्यायचं. मग समोरच्याचा मूळ आवाज उलट्या लहरी सोडून पुसून टाकायचं, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच आवाजात, पण तुमच्या घरच्या बोलीत कानात सोडायचं. हे सगळं इतक्या झटपट की ओठ आणि शब्द यांच्यातला फरकही जाणवायचा नाही. दोन-चार वर्षांत जगातल्या बहुतेक माणसांनी दुसरी भाषा शिकणं सोडून दिलं होतं. का शिकायची?

तर अशा पोपटामुळे सेवेरो रोहिदासशी बोलायचा तो थेट ओतूरच्या आठवडे बाजारातल्या माणसासारखा.

"आरं रोहिदास," संध्याकाळी सुपाचा वाडगा तोंडाला लावता लावता तो म्हणायचा, "मानसानं कसं लामासारखं ऱ्हावं बघ. वझं जादा झालं की खाली बसायचं, आन उठायचंच नाय. मग मालक किती का बोंबलंना!"

लामा म्हणजे तिकडचं ओझं वाहणारं जनावर, हे रोहिदासला आता ठाऊक झालं होतं; तो पोट धरून हसायचा. इतकं त्याला गावात कुणी हसवलं नव्हतं. एकदा आईचा विषय निघाला आणि बोलता बोलता त्याचा बांध फुटला. तेव्हा सेवेरो बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "आय कुटं जात न्हाय रं. आपल्या हातात ऱ्हाती ती. भाकर थापताना बघ, हात तिच्यावानीच वळतो का न्हाय." रोहिदासला वाटलं, एवढ्या लांब येऊन शेवटी आपल्याला आपलं माणूस भेटलं.

या माणसाने उभ्या जन्मात भाकरी पाहिलेली नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. एकट्या माणसाच्या लक्षात अशा गोष्टी येत नसतात.

*

उन्हाळ्याच्या तोंडावर दुर्बीण सुरू झाली आणि पठाराचा आतला भाग शांत पट्टा म्हणून जाहीर झाला.

ही दुर्बीण ऐकणार होती हायड्रोजनची कुजबुज. पहिले तारे पेटायच्या सुमाराला विश्वभर पसरलेल्या हायड्रोजनच्या अणूंनी सोडलेल्या रेडिओलहरी अजून प्रवास करताहेत. इतक्या लांबून येता येता त्या ताणल्या गेल्या आहेत, आणि इतक्या क्षीण झाल्या आहेत की त्यांच्यापुढे एखाद्या खिशातला मोबाइल म्हणजे कीर्तनात वाजवलेला ताशा. म्हणून पट्ट्यात काहीही विजेवर चालणारं न्यायचं नाही. मोबाइल नाही, घड्याळ नाही. गाडीसुद्धा जुनी डिझेलची, कारण पेट्रोलच्या गाडीच्या ठिणगीचाही आवाज दुर्बिणीला ऐकू जातो. आणि अर्थात पोपट नाही. माणसांनी हंगामभर आतच राहायचं.

फाटकावर दोघांनी पोपट काढून डबीत ठेवले आणि पायी आत निघाले.

"काय सेवेरो, झालं ना सगळं सामसूम?" रोहिदास सवयीने म्हणाला.

सेवेरोने त्याच्याकडे पाहिलं. "सी," म्हणजे हो, एवढंच म्हणाला, आणि चालू लागला.

जेवताना तो "साल" म्हणाला, म्हणजे मीठ. मीठ दिल्यावर "ग्रासियास" म्हणाला. मग उठून झोपायला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मीठ आधीच त्याच्यापुढे होतं, त्यामुळे तेवढंही बोलणं झालं नाही. भाषा कळत नाही हे रोहिदासला मान्य होतं, पण बोलायचं तरी! हा बाबा तर पलीकडच्या बाकावरच्या चिलीच्या माणसांशीही बोलत नव्हता. ज्याने आठ महिने संध्याकाळच्या संध्याकाळी गप्पांचा फड जमवला, तो माणूस गेला कुठे? आपलं काही चुकलं असेल, या विचाराने रोहिदासला अन्न गोड लागेना.

शेवटी त्याने पाउलिनाला गाठलं. पाउलिना ही आतल्या तळाची प्रमुख, वयाने त्याच्याहून लहान, रोखठोक बोलणारी. तिच्याशी त्याचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भागायचं.

"सेवेरो माझ्यावर रागावलाय का?"

"सेवेरो? तो असाच आहे. मी त्याला दहा वर्षं ओळखते. तो बोलतच नाही."

"माझ्याशी बोलायचा. रोज. लामाच्या गोष्टी सांगायचा."

पाउलिनाने चमचा खाली ठेवला. मग नाइलाजाने सांगितल्यासारखं सांगितलं. पोपटात एक सोय होती, आपलेपणाची, आणि ती कामगारांच्या पोपटात चालू ठेवूनच देत. या पठारावर माणसं टिकत नव्हती. थंडी सोसायची, उंची सोसायची, पण एकटेपणापुढे हात टेकायची आणि दोन महिन्यांत पळून जायची. मग यंत्र बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की जेवताना कुणी मायेने चार शब्द बोललं तर माणूस राहतो. समोरचा तेवढं बोलत नसेल तर यंत्र भर घालायचं. कुणी "हं" म्हणालं तर त्या "हं"चा सूर ओळखून त्याला साजेसं वाक्य रचायचं, कधी अख्खी गोष्ट.

"म्हणजे त्या गोष्टी त्याने सांगितल्याच नाहीत?"

"थोड्या सांगितल्या असतील. कदाचित सगळ्या सांगितल्या असतील. आता कळायला मार्ग नाही. बोलणं कुठेच साठवत नाहीत, खासगी असतं ना ते."

खासगी! रोहिदासला हसावं की रडावं कळेना. आपण आईसाठी रडलो ते कुणापुढे? हरभऱ्याएवढ्या यंत्रापुढे? आणि तो बिचारा सेवेरो समोर बसून सूप पीत होता. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही वाईट असं काहीतरी वाटलं. आई गेली तेव्हा निदान आई होती एवढं तरी खरं होतं.

"हंगाम संपला की मी परत जाईन," तो म्हणाला.

"घरी कोण आहे?"

तो ताट उचलून धुवायला गेला.

*

पण हंगाम संपेपर्यंत तबकडीवर चढणं चुकणार नव्हतं, आणि शांत पट्ट्यात नियम होता: चढणाऱ्याने विचारायचं, खालच्याने हात लावून बघून उत्तर द्यायचं, दोघांना कळेल अशा शब्दांत. म्हणून पाउलिनाने जेवणाच्या टेबलावरच रोहिदासची शाळा घेतली.

"सगळी स्पॅनिश नको. एवढंच शिक. शिडी, खांब, जमिनीत रोवलेलं काहीही असलं तर 'एस्ता फिर्मे?' घट्ट उभं आहे का. दोर, फळी, ज्यावर वजन टाकायचंय ते, 'आगुआंता?' टिकेल का, पेलेल का. हातमोजे, बूट, कापड, 'एस रेसिस्तेन्ते?' दणकट आहे का. बोल्ट ढिला वाटला तर 'एस्ता फ्लोहो?' आणि हलतंय का विचारायचं तर 'से मुएवे?'"

"आगुआंता," रोहिदास म्हणाला.

"प्रश्नासारखं म्हण. शेवटी वर ने आवाज."

"आगुआंता?"

"हां. रोज घोक."

घोकायला त्याला वेळच वेळ होता. दुसरं बोलायला कोण होतं? तो खुर्चीवर बसण्याआधी विचारू लागला, एस्ता फिर्मे? बूट उचलून विचारू लागला, एस रेसिस्तेन्ते? पलीकडच्या बाकावरची माणसं हसू लागली. सेवेरो हसत नसे. तो प्रत्येक वेळी उठायचा, खुर्ची दोन्ही हातांनी हलवायचा, बुटाचा तळवा वाकवायचा, आणि मगच सांगायचा, "फिर्मे." "रेसिस्तेन्ते." नियम म्हणजे नियम.

रोहिदासची मोठी गंमत झाली होती. एका अख्ख्या भाषेत त्याला फक्त वस्तू मजबूत आहे का एवढंच विचारता येत होतं. भूक लागली का, झोप झाली का, तुझं घर कुठे, तुला मुलंबाळं किती, काही म्हणता काही नाही. माणसाबद्दल एक प्रश्न नाही, सगळे खुर्च्या-दोरांबद्दल. पण बोलल्यावाचून राहवत नाही अशा माणसाला तेवढेही पुरतात. एकदा त्याने वाळून दगड झालेला पाव उचलला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आगुआंता?"

सेवेरोने पाव हातात घेतला, टेबलावर आपटला. टेबल वाजलं. पावाला काही झालं नाही.

"आगुआंता," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या रोहिदासच्या मनात आलं, हे मात्र त्याचं होतं. एवढं तरी. पण एक पाव आपटला म्हणून कुणी कुणाचा मित्र होत नाही, हेही त्याला कळत होतं. परत जायचा बेत त्याने बदलला नाही.

*

वादळी वाऱ्यानंतर कडेच्या तबकडीची तपासणी निघाली. चढायची पाळी सेवेरोची होती. खांबाच्या वरच्या मचाणापर्यंत लोखंडी शिडी होती, वरच्या टोकाला दोन आकडे खांबाच्या पट्टीत अडकवलेले. सुरक्षेचा दोर मचाणापासून पुढे सुरू व्हायचा, तिथवर शिडी आणि नशीब.

सेवेरोने शिडीला हात लावला आणि रोहिदासकडे पाहिलं. "एस्ता फिर्मे?"

रोहिदासने पायथा हलवून पाहिला, खिळे पाहिले, शिडी ओढून पाहिली. ढिम्म हलली नाही. "फिर्मे," तो म्हणाला. नियमाप्रमाणे चार पावलं मागे सरला.

सेवेरो चढू लागला. आणि त्याचं वजन शिडीवर पडल्यावर मग रोहिदासला वर, उन्हात, ते दिसलं. आकडे शाबूत होते, पण ज्या पट्टीत ते अडकले होते ती पट्टीच खांबापासून सुटत होती. सेवेरोच्या प्रत्येक पावलाबरोबर मधली फट रुंदावत होती. खालून नुसतं ओढून ते कधीच दिसलं नसतं.

ओरडायचं, बस्स. शब्दही तोंडाशी होते. पण निघालेल्या माणसाला मागून टोकू नये, हे त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. आई गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेल्या माणसाला हाक मारू द्यायची नाही. डबा विसरला तर पोराला पळत पुढे घालून समोरून द्यायला लावायची. आणि वर चढलेल्या माणसाला "टिकणार नाही" असं म्हणायचं? असं अभद्र तोंडातून काढायचं, आणि वास्तू तथास्तु म्हणाली तर? खोडदला वीस वर्षं तबकड्यांवर चढणाऱ्यांत कुणी ते तोंडातून काढलं नव्हतं. रोहिदास तोंड उघडून उभा राहिला. दोन पायऱ्या. सेवेरो आणखी दोन पायऱ्या वर गेला.

"नो आगुआंता!" रोहिदास किंचाळला. "सेवेरो! नो आगुआंता! नो आगुआंता!"

सेवेरोने वर पाहिलं, फट पाहिली, आणि खाली यायला लागला. बराच खाली आला होता तेव्हा पट्टी निखळली. शिडी आडवी झाली आणि तो डाव्या हातावर पडला.

मनगट वाकडं झालेलं नुसतं पाहूनही कळत होतं. मचाणाजवळ पोहोचला असता तर मनगटावर भागलं नसतं. आणि त्या दोन पायऱ्या आधी ओरडलं असतं तर काहीच झालं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. रोहिदासने धावत जाऊन गजरासाठी टांगलेला लोखंडी तुकडा हातोड्याने बडवला, सगळं पठार दणाणेपर्यंत बडवला, आणि परत येऊन सेवेरोचं डोकं मांडीवर घेऊन बसला. माणसाला विचारण्यासारखा एकही शब्द त्याच्याजवळ नव्हता.

*

पाउलिना डिझेलची गाडी घेऊन आली. फाटकाच्या बाहेर रुग्णवाहिका यायची होती, तोवर तिघे फाटकाच्या खोलीत थांबले. पहारेकऱ्याने पोपटांची डबी पुढे केली. रोहिदासने हात मागे घेतला.

"नको. मला खोटं ऐकायचं नाही."

पाउलिनाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा सेवेरोकडे पाहिलं. "ती सोय बंद करता येते," ती म्हणाली. "कामगारांना सांगत नाहीत. मी करून देते. मग ते फक्त बोललेलंच सांगेल, जसंच्या तसं."

तिने दोन्ही पोपट खटपट करून परत दिले. रोहिदासने एक कानात घातला, दुसरा सेवेरोच्या कानात बसवला. मग सेवेरोचा आवाज आला, कोरडा, हेल नाही, म्हण नाही.

"उशीर केलास."

"हो," रोहिदास म्हणाला. "केला. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत."

"का?"

"अपशकुन होतो."

सेवेरोने आपल्या मनगटाकडे पाहिलं. "झाला."

रोहिदास बाकावर त्याच्याकडे सरकला. आता विचारलं नाही तर मग कधीच विचारता येणार नव्हतं. "बाहेरच्या तळावर तू मला गोष्टी सांगायचास. लामाच्या. त्या तुझ्या होत्या का?"

"मी लामा पाळले नाहीत. मी शहरात वाढलो. बापाचं पंक्चरचं दुकान होतं."

"मग तू काय बोलायचास रोज?"

"'हं'. बाकी काही नाही. मी ऐकायचो."

"काय ऐकायचास?"

सेवेरोने भिंतीला डोकं टेकलं. "माझा भाऊ. ते यंत्र माझं बोलणं ऐकून शिकलं, आणि मी बोलायला भावाकडून शिकलो. तू बोललास की माझ्या कानात तो बोलायचा. त्याच्याच शिव्या. तो खाणीत मेला. यंत्र बनवाबनवी करतंय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"आणि तरी काढलं नाहीस?"

"तू असतास तर काढलं असतंस?"

रोहिदासने कानातल्या पोपटाला बोट लावलं. म्हणजे आठ महिने एका टेबलावर दोन माणसं बसत होती आणि दोघांसमोर दुसरंच कुणीतरी होतं. त्याला रडू येत होतं आणि ते कुणासाठी हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं: स्वतःसाठी, का या माणसासाठी, का त्या खाणीतल्या भावासाठी.

"म्हणजे आपण मित्र नव्हतो," तो म्हणाला. असं अभद्रही आज तोंडातून निघालं.

"नव्हतो." सेवेरोने डोळे मिटले. दुखण्याने त्याच्या कपाळावर घाम आला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आत तू ओरडलास तेव्हा कानात काही नव्हतं. तो भाऊ नव्हता. फार वाईट आवाज आहे तुझा. गाढवासारखा."

"हो."

"पण कोण ओरडतंय ते कळलं."

बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आला. पाउलिना दार उघडायला गेली. रोहिदास उठून तिच्या मागे गेला आणि हळूच विचारलं, "दुखतंय का, हे कसं विचारायचं?"

तिने सांगितलं. त्याने तिथेच उभं राहून ते दोन-तीनदा ओठांतल्या ओठांत घोकलं. मग परत येऊन सेवेरोच्या शेजारी बसला, त्याच्या कानातला पोपट काढला, स्वतःचाही काढला, आणि दोन्ही बाकावर ठेवले.

"ते डुएले?" तो म्हणाला.

सेवेरोने डोळे उघडले. "दुएले," त्याने उच्चार सुधारला, जीभ दातांना लावून, सावकाश.

"दुएले. ते दुएले?"

"सी," सेवेरो म्हणाला. "मूचो." खूप, हे रोहिदासला न शिकवता कळलं.

रोहिदासने त्याचा उजवा हात धरला. रुग्णवाहिकेची माणसं आत येईपर्यंत सोडला नाही.